आडवाटेची दुचाकी : रानही जपा, हाडेही जपा

मृगाचा पाऊस पडून गेला की सह्याद्रीच्या घाटवाटांवर आणि कोकणच्या सड्यांवर शनिवार-रविवारी एक वेगळाच आवाज घुमू लागतो. खोल खाचांचे टायर, उंच सस्पेन्शन, चिखलाने माखलेल्या दुचाक्या आणि पायठेवणीवर उभे राहून त्या हाकणारे तरुण. डांबरी रस्ता संपतो तिथे यांची मजा सुरू होते. पूर्वी अशी गाडी मोजक्या हौशी लोकांकडे असे. आता ती देशातच बनते, हप्त्यावर मिळते आणि तालुक्याच्या गावातही दिसते.

हौस वाईट नाही. खडबडीत वाटेवर गाडी चालवताना मांड्या, पाठ, पोट, दंड सगळेच राबतात, नाडीचे ठोके वाढतात, तोल आणि एकाग्रता दोन्ही लागतात. आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला हा चांगला व्यायाम आहे. पण या हौसेची किंमत दोन ठिकाणी मोजली जाते. एक म्हणजे चालवणाऱ्याच्या हाडांत आणि दुसरी म्हणजे ज्या मातीवरून, ज्या गावातून तो जातो तिथे. गंमत अशी, की या दोन्हींवरचा उपाय बराचसा एकच आहे : वेग कमी, वाट ठरलेली आणि थांबण्याची तयारी.

वाट कुणाची?

‘इथे कुठे रस्ता आहे, मोकळे रान तर आहे’ असे म्हणून गाडी कुठेही घातली जाते. पण महाराष्ट्रात मोकळे दिसणारे रान क्वचितच बेवारशी असते. ते वनखात्याचे असते, गावाचे गायरान असते किंवा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. कोकणातला उघडा कातळ पडीक वाटतो. पण त्यावर कुणाची गुरे चरतात, कुणाचे गवत कापले जाते, कुणाच्या काजूच्या बागेची ती वाट असते.

राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातील प्रवेश १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बांधलेला आहे. उरतात ते गावरस्ते : पाणंद, शिवरस्ता, जुनी गाडीवाट. यातले कितीतरी गावनकाशावर दाखवलेले असतात. आडवाटेच्या दुचाकीसाठी हीच खरी जागा. पायवाट मात्र नावाप्रमाणे पायांसाठीच आहे. डोक्यावर भारा घेतलेली बाई अरुंद वाटेवर दुचाकीला जागा कशी देणार?

आणखी एक गैरसमज असा, की डांबर संपले की वाहतुकीचे कायदे संपले. मोटार वाहन कायद्यातील ‘सार्वजनिक जागा’ या शब्दांत लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली कुठलीही वाट येते, मग ती पक्की असो वा कच्ची. म्हणजे परवाना, नोंदणी, विमा आणि हेल्मेट हे सगळे पाणंदीवरही लागते. केवळ शर्यतीसाठी बनवलेली, नंबरप्लेट नसलेली गाडी बंदिस्त ट्रॅकवरच चालवावी. गिअरच्या मोटरसायकलला वयाची १८ वर्षे पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘रानातच तर चालवतोय’ ही सबब तिथे चालत नाही.

चार बोटे मातीचे जग

दीडशे किलोची गाडी आणि सत्तर किलोचा माणूस, असे सव्वादोनशे किलोच्या आसपासचे वजन तळहाताएवढ्या दोन ठशांवर पेलले जाते. कोरडी, घट्ट माती ते सोसते. ओली माती सोसत नाही. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यातूनच पाणी मुरते आणि मुळांना हवा मिळते. ओल्या मातीवर चाक गेले की या पोकळ्या दबतात. मागचे चाक जागच्या जागी गरगरले, तर वरचा थर उकरून फेकला जातो. उतारावर अशी चाकोरी पडली की पुढचा पाऊस तिलाच ओहोळ करतो. मुरायचे पाणी वाहून जाते, सोबत माती नेते आणि चाकोरी दरवर्षी खोल होते.

सड्यांचे दुखणे आणखी नाजूक आहे. जांभ्या दगडाच्या या पठारांवर माती असते ती जेमतेम काही बोटे. पण पावसाळ्यात त्या पातळ थरावर गेंद, सीतेची आसवे, तेरडा यांचे गालिचे उभे राहतात. सीतेची आसवे ही तर कीटकभक्षी वनस्पती. मातीत पोषण कमी म्हणून ती इवल्या फुग्यांत सूक्ष्मजीव पकडून पोट भरते. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले ते या समृद्धीमुळेच. पण कासला जे संरक्षण मिळाले, ते बाकीच्या शेकडो सड्यांना नाही. तिथे राखण फक्त येणाऱ्याच्या शहाणपणाची.

कातळावरच्या डबक्यांकडेही नीट पाहावे. आंबोलीच्या परिसरात ‘आंबोली टोड’ नावाचा छोटा भेक आहे. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. आज तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. पहिल्या पावसात कातळाच्या उथळ खळग्यांत साठणाऱ्या पाण्यात त्याची अंडी असतात. फोटोसाठी पाणी उडवत नेलेले एक चाक अशा खळग्यातली अख्खी पिढी चिरडू शकते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर आणखी एक ठेवा आहे : कातळशिल्पे. कशेळीचा भलामोठा हत्ती, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, रुंढेतळी इथली चित्रे हजारो वर्षांपूर्वी जांभ्यात कोरलेली आहेत. २०२२ मध्ये कोकणातील निवडक कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. अनेक शिल्पे गवताखाली, मातीखाली लपलेली असतात. उघड्या कातळावर गाडी घालणाऱ्याला आपण कशावरून जातो आहोत हे कळतही नाही.

म्हणून साधा नियम : उघड्या कातळावर आणि गवतात चाक घालायचे नाही, आधीपासून असलेल्या गाडीवाटेवरच राहायचे. वाटेत डबके आले, तर ते चुकवायला बाजूच्या गवतातून नवी वाट पाडायची नाही. खोली काठीने पाहून वाटेवरूनच हळू जावे, नाहीतर परत फिरावे. चाकाचा ठसा चार बोटे खोल उमटू लागला, की त्या दिवशी ती वाट आपली नाही असे समजावे. सलग पावसाचे दिवस टाळून वाटा वाळल्यावर जाणे सगळ्यात उत्तम. उन्हाळ्यात मात्र वणव्याचे भान हवे. तापलेल्या सायलेन्सरला सुके गवत चिकटू देऊ नये आणि गाडी वाळल्या गवतात उभी करू नये.

पाड्याचे पाणी, पाड्याचा रस्ता

आरोग्याच्या दृष्टीने सगळ्यात कमी बोलले जाते ते गावाच्या पाण्याबद्दल. डोंगरातल्या कितीतरी वाड्या-पाड्यांचे पिण्याचे पाणी झऱ्याचे किंवा ओढ्याकाठच्या विहिरीचे असते. वर ओढ्यातून दहा-वीस गाड्या घुसळत गेल्या, की खाली पाणी गढूळ होते, त्यात तेलाचा तवंगही येतो. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. पण गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर कमी पडतो. बराचसा क्लोरीन गाळातल्या सेंद्रिय पदार्थांवर खर्च होतो आणि जंतू गाळाच्या कणांआड लपून वाचतात. पावसाळ्यात जुलाब, कावीळ, टायफॉइड यांची भीती आधीच असते. तिथे ‘वॉटर क्रॉसिंग’चा एक व्हिडिओ लहान मुलांच्या पोटावर बेतू शकतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. पाड्यावरच्या बाळंतिणीला किंवा सर्पदंशाच्या रुग्णाला झोळीत घालून खाली आणावे लागते, हे चित्र आजही पुसलेले नाही. ज्या कच्च्या वाटेने एरवी जीप वाड्यापर्यंत पोहोचते, तीच वाट चाकोऱ्यांनी फोडली तर पावसाळ्यात ती बंद होते. शहरातून आलेल्यासाठी तो रविवारचा ट्रॅक असतो. गावासाठी दवाखान्याकडे जाणारा एकमेव रस्ता. हौशी गटांनी हे ध्यानात घेऊन दिवाळीनंतर एखादा दिवस फावडे-घमेले घेऊन तीच वाट बुजवायला यावे. गावाशी नाते जोडायचा याहून चांगला मार्ग नाही.

आवाजाचेही तसेच. १७५ सीसीवरील मोटरसायकलसाठी कारखान्यात ८० डेसिबलची मर्यादा पाळली जाते. मूळ सायलेन्सर काढून पोकळ नळकांडे बसवले की ती धुडकावली जाते. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नसते : दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली. तासन्तास अशा आवाजात राहिल्याने चालवणाऱ्याच्या कानातील सूक्ष्म पेशी कायमच्या मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. आणि बिथरलेली गाभण म्हैस कड्यावरून घसरली, तर धनगराचे किंवा शेतकऱ्याचे वर्षभराचे दूध जाते. गुरे दिसली की गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे आणि राखणाऱ्याने हात दाखवला की मगच निघावे. समोरून चालणारा माणूस आला तर वाट त्याची. कवाडी किंवा बेडे जसे होते तसेच परत लावावे, गडग्याचे दगड पाडू नयेत.

लॉरेन्सचा अपघात आणि हेल्मेट

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात एका ग्रामीण रस्त्यावर ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून जात होते. समोर सायकलवरची दोन मुले आली. त्यांना वाचवताना लॉरेन्स फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे केर्न्स यांनी सैन्यातील निरोप्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला. १९४१ मध्ये त्यांनी हेल्मेटचे महत्त्व दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. अनेक अभ्यास एकत्र तपासून २००८ मध्ये मांडलेला निष्कर्ष सांगतो, की हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूची सुमारे ४२ टक्क्यांनी घटते.

‘रानात वेग कमी असतो, मग हेल्मेट कशाला’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. दीड मीटर उंचीवरून, म्हणजे उभी गाडी नुसती कलंडली तरी, डोके जमिनीवर ताशी जवळपास २० किलोमीटर वेगाने आदळू शकते. खाली जांभा असेल तर तो वेग काही मिलिमीटरमध्ये शून्यावर येतो. कवटी थांबते, पण आतला मेंदू हिंदकळतो. हेल्मेटमधील थर्मोकोलसारखा थर दोनेक सेंटिमीटर दबून थांबण्याचे अंतर वाढवतो. मेंदू वाचतो तो या दोन सेंटिमीटरमुळे. हा थर एकदा दबला की परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी बदलावे. ते आयएसआय चिन्हाचे, हनुवटी झाकणारे आणि पट्टा आवळलेले असावे. सैल हेल्मेट अपघातात आधी उडून जाते, डोके नंतर आपटते.

मानेखालचे शरीर

घसरताना माणूस आपोआप हात टेकतो. त्या धक्क्याने मनगट, कोपर किंवा गळपट्टीचे हाड मोडते. मनगटातील एका छोट्या हाडाचे फ्रॅक्चर फसवे असते. पहिल्या एक्स-रेत ते दिसेलच असे नाही. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा पडतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर ‘मुरगळले असेल’ म्हणून सोडू नये. दहा-चौदा दिवसांनी एक्स-रे पुन्हा काढावा. दुर्लक्ष झाले तर ते हाड जुळत नाही आणि मनगट कायमचे कमजोर राहते.

हँडलचे टोक पोटात लागले तर वरून साधा काळा-निळा डाग दिसतो. आत प्लीहा किंवा यकृत फाटलेले असू शकते. पोटदुखी वाढणे, चेहरा पांढरा पडणे, घेरी येणे, डाव्या खांद्यात दुखणे ही लक्षणे काही तासांनी आली तरी तातडीने रुग्णालय गाठावे. मांडीचे हाड मोडले तर बाहेर थेंबही न सांडता आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकते. शरीरात एकूण पाचच लिटर असते.

म्हणून घोट्यावर चढणारे कडक बूट, गुडघा-कोपरांचे संरक्षक, छाती-पाठीचे कवच, हातमोजे आणि गॉगल हा थाट नसून गरज आहे. सवारीचे तंत्र चांगल्या शिक्षकाकडून मैदानावर शिकावे, घाटात नाही. दमल्यावर चुका वाढतात. दर तासाला थांबावे, पाणी प्यावे, मुठी सैल कराव्यात. दारू पिऊन किंवा आदल्या रात्रीच्या जागरणानंतर गाडीला हात लावू नये.

पडल्यानंतरचा पहिला तास

भारताचा अव्वल रॅलीपटू सी. एस. संतोष जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियातील डकार रॅलीत पडला. त्याला हेलिकॉप्टरने हलवून रियाधच्या रुग्णालयात काही दिवस औषधांच्या साह्याने बेशुद्ध ठेवावे लागले, तो वाचला. जगातले उत्तम कवच, वर्षांचा सराव आणि तयार वैद्यकीय पथक असूनही ही वेळ येते. सड्यावर हेलिकॉप्टर येत नाही. तिथे पथक म्हणजे सोबतचे मित्रच. त्यांना पुढच्या गोष्टी ठाऊक असायला हव्यात.

आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवाव्यात. पडलेल्याला हात धरून उठवू नये. तो बोलतो का, श्वास नीट आहे का, हे पाहावे. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या असतील तर त्याला आहे तसेच पडू द्यावे आणि डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढण्याची घाई नको. श्वास अडत असेल किंवा उलटी तोंडात साचत असेल तरच दोघांनी मिळून काढावे : एकाने मान-जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्याने हेल्मेट हळूहळू ओढायचे. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, सारखे उचलून पाहू नये. मोडलेला अवयव काठी आणि ओढणीने आहे त्या स्थितीत बांधावा. काही खायला-प्यायला देऊ नये. शस्त्रक्रिया लागू शकते.

डोक्याला मार लागून क्षणभर शुद्ध हरपली आणि मग माणूस टवटवीत झाला, तर तो बरा झाला असे धरू नये. कवटीखाली रक्त साचत असताना मधले काही तास माणूस हसतो-बोलतो, मग अचानक कोसळतो. वाढती डोकेदुखी, पुन:पुन्हा उलट्या, झोपाळूपणा, असंबद्ध बोलणे, एक बाहुली मोठी होणे, फिट येणे यापैकी काहीही दिसले तर सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. अशा माणसाने त्या दिवशी पुन्हा गाडी चालवायची नाही. मनाने ब्रुफेनसारखी गोळीही द्यायची नाही.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. ११२ वरही मदत मिळते. मात्र गाडी नेमकी कुठे बोलवायची हे सांगता आले पाहिजे. म्हणून निघण्यापूर्वीच जवळचे गाव, फाटा, ग्रामीण रुग्णालय आणि मोबाइलला रेंज मिळणारी जागा लिहून घ्यावी. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या वाटसरूला कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पोलिसांच्या चौकशीची भीती बाळगण्याचे कारण नाही.

चिखलातले आजार

खरचटलेल्या जखमेत चिखल गेला की दोन धोके असतात. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली हे आठवत नसेल, तर ती घ्यावीच. दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. साधारण एक-दोन आठवड्यांनी जोराचा ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, लाल डोळे ही लक्षणे दिसतात. तेव्हा डॉक्टरांना ‘मी चिखलात गाडी चालवली होती’ हे आवर्जून सांगावे. एवढ्या एका वाक्याने निदान लवकर होते. जखम घरी पोहोचण्याची वाट न पाहता जागीच स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी.

कोकणच्या सड्यांवर फुरसे बरेच. दगडाखाली हात घालू नये, बूट काढून ठेवले असतील तर झटकून घालावेत. दंश झाल्यास चिरा देणे, चोखणे, घट्ट बांधणे टाळावे. अवयव स्थिर ठेवून सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. प्रतिविष तिथे मिळते.

निघण्यापूर्वी

एकट्याने जाऊ नये. पाच-सहा जणांचा गट पुरे. सगळ्यात कमी सराव असलेल्याचा वेग हाच गटाचा वेग. शेवटी चालणारा अनुभवी असावा आणि त्याच्याजवळ प्रथमोपचाराची पिशवी असावी. परतण्याची वेळ घरी सांगून निघावे. गावात शिरल्यावर आधी एखाद्या जाणत्या माणसाला विचारावे, ‘काका, या पाणंदीने गेले तर चालेल का?’ काका ‘नको, भातलावणी चालू आहे’ म्हणाले, तर गाडी वळवावी. पुढच्या खेपेला तेच काका बरी वाट दाखवतील. आणि एखादे दिवशी कुणी पडले, तर खाटेची झोळी करून खाली आणणारेही त्याच वाडीतले लोक असतील.